अकराव्या पायरीवरचा मासा

मिस्त्रींनी मनोऱ्याच्या बाराव्या पायरीवर आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. हातात बॅटरी होती, डोक्यावर हेल्मेट होतं, मागे आर्किटेक्ट बाई होत्या आणि पोटात गोळा होता. गोळा अंधाराचा नव्हता. अंधाराला भ्यायचं वय केव्हाच सरलं होतं. बत्तिसावी पायरी संपल्यावर वर काय असेल, किंबहुना काय नसेल, त्याचा तो गोळा होता.

वर एक दालन होतं. चार भिंती, तीन खिडक्या, त्यातल्या दोन कुणीतरी विटांनी बुजवलेल्या. जमिनीवर पारव्यांची घोट्याएवढी घाण. मिस्त्रींनी बॅटरी छताकडे नेली आणि तांदूळ निवडावेत तशी सावकाश, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फिरवली. छतावर काही नव्हतं. जुना चुना, ओल आणि कोळिष्टकं.

"काय सुंदर आहे हो!" बाई मागून म्हणाल्या.

"हो ना," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

छतावर निळे मासे असायला हवे होते. मधोमध मान वळवणारा दगडी पक्षी हवा होता. खिडक्या सात हव्या होत्या, आणि सातांतून सात वेगवेगळ्या वेळा दिसायला हव्या होत्या. एकीत पहाट, एकीत टळटळीत दुपार, एकीत कायमची संध्याकाळ. हे सगळं या दालनात आहे असं एका माणसाला गेली चोपन्न वर्षं ठामपणे ठाऊक होतं. तो माणूस म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. आणि तिला ते सांगणारे खुद्द मिस्त्री.

हा मनोरा गावाच्या टोकाला, नदीच्या अंगाला, एका टेकाडाला पाठ टेकून उभा आहे. कुणी कशासाठी बांधला ते कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं पुराचं पाणी बघायला, कुणी म्हणतं कुण्या राणीला खाली करमत नव्हतं म्हणून. नक्की कुणालाच काही ठाऊक नसलं की अशा जागांना कारणांचं पीक येतं.

ताई तीन वर्षांची असताना तिला ताप आला, आणि जाताना तो पायांतली ताकद घेऊन गेला. वडील खाणीत दगड फोडायचे. त्यांनी फळांच्या खोक्याला चार चाकं बसवून तिला गाडी केली होती. ती दहा वर्षांची आणि मिस्त्री सात वर्षांचे होते त्या साली मोठ्या सुट्टीत ते रोज दुपारी ती गाडी ढकलत मनोऱ्यापाशी न्यायचे. तेव्हा ते मिस्त्री नव्हते अर्थात. तेव्हा ते चिमण होते. ताईच्या तोंडी अजूनही चिमणच आहेत. मिशा पांढऱ्या झाल्या म्हणून काय झालं!

मनोऱ्याचा जिना इतका अरुंद की एका वेळी एकच माणूस जाणार, तोही अंग चोरून. "तिला पाठुंगळी घेऊन चढलास तर याद राख," असा वडिलांचा दम होता. म्हणून ताई खाली दाराशी गाडीत बसायची आणि म्हणायची, "तू जा. नीट बघून ये. आणि मला सांग."

चिमण जायचा. त्याच्या पायात वडिलांच्या जुन्या चपला असायच्या, त्याच्या पायाच्या दुप्पट. फटाक, फटाक करत तो चढायचा. दहाव्या पायरीला जिना वळतो आणि दारातला उजेड तिथे संपतो. अकराव्या पायरीवर काळाकुट्ट अंधार आणि वरून कसलीतरी फडफड. पहिल्याच दिवशी चिमणचे पाय तिथे जे थिजले ते थिजले. पुढे जाववेना, आणि लगेच खाली जावं तर ताई विचारणार, "एवढ्यात आलास?" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तो अकराव्या पायरीवर बसला. खिशात एक खिळा होता. बसल्या बसल्या, अंधारात चाचपडत, त्याने भिंतीवर खिळ्याने एक मासा कोरला. मासाच का, तर चित्रांपैकी तेवढंच त्याला काढता यायचं.

खाली आल्यावर ताईने विचारलं, "काय होतं रे?"

"मासे," चिमण म्हणाला. "छतावर. निळे."

ताईचा चेहरा असा उजळला की मग मागे फिरणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी पक्षी आला, तिसऱ्या दिवशी खिडक्या. जिभेला हाड नसतं, आणि सात वर्षांच्या जिभेला तर नसतंच नसतं. ती अख्खी सुट्टी चिमण रोज अकराव्या पायरीपर्यंत जायचा, गोष्ट जुळेस्तोवर बसायचा आणि खाली येऊन सांगायचा. मग सुट्टीच्या शेवटी कुणीतरी जिन्यावरून पडलं, आणि सरकारी कचेरीने दाराला कुलूप घातलं. ते कुलूप चोपन्न वर्षं तसंच राहिलं.

त्या चोपन्न वर्षांत चिमणचे मिस्त्री झाले. जुन्या चुन्याच्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ताई शिवण शिकली. लहान मुलांचे कपडे शिवायची, आणि प्रत्येक कपड्यावर, कुठे खिशावर, कुठे घेराला, एक निळा मासा भरायची. गावातली तीन पिढ्यांची पोरं ते मासे अंगावर घेऊन वाढली. तिला सगळे 'मासेवाली' म्हणत. नवीन राहायला आलेले लोक नाव ऐकून पिशवी घेऊन दाराशी यायचे आणि भाव विचारायचे. ताई गंभीर चेहऱ्याने सांगायची, "ताजे आहेत, पण फक्त सुती."

गिऱ्हाइकांच्या पोरांना ती दालनाची गोष्ट सांगायची. एखादा म्हातारा मध्येच म्हणायचा, "अहो, कुलूप लागायच्या आधी मी गेलोय वर. पारव्यांशिवाय काही नाही तिथे." त्यावर ताईचं उत्तर ठरलेलं होतं: "सगळ्यांनाच बघता येतं असं नाही." मिस्त्री शेजारी बसलेले असले तर उठून पाणी प्यायला आत जायचे. आयुष्यात त्यांनी तसं खूप पाणी प्यायलं.

आता मनोऱ्याची दुरुस्ती निघाली होती, आणि बाईंना नुसती दुरुस्ती करायची नव्हती. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला, काठी टेकत येणाऱ्याला, डोळ्यांनी न दिसणाऱ्याला, सगळ्यांना ही जागा बघता आली पाहिजे असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. बाई वयाने मिस्त्रींच्या मुलीएवढ्या, पण नियमाच्या कडक. "जे आहे ते राखायचं. जे कधीच नव्हतं ते घालायचं नाही. आणि घालावंच लागलं, तर उद्या काढून टाकता आलं पाहिजे, भिंतीला ओरखडा न येता." मिस्त्रींना हा नियम मनापासून पटायचा, फक्त तो ऐकताना ते बाईंच्या नजरेला नजर देत नसत.

कारण रोज त्यांच्या मनात येत होतं की एक निळ्या रंगाचा डबा आणावा. पाच मासे. पाचच. पण मग बाई, आणि नियम, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मिस्त्रींना अजूनही तोच एक मासा काढता येत होता.

त्यांच्या सुदैवाने चाकाची खुर्ची वर न्यायची कशी हे काही सुचत नव्हतं. जिन्यात काही बसवायला जागा नव्हती. कचेरीतल्या साहेबांनी बाहेरून लोखंडी लिफ्ट सुचवली, तर बाई म्हणाल्या, "मनोऱ्याला सलाईन लावल्यासारखं दिसेल." दोन महिने नकाशे आले आणि गेले. मिस्त्री घरी जेवायला बसले की ताईला सांगायचे, "अवघड आहे गं. नाही होत बहुतेक." असं सांगताना त्यांचा घास मात्र सहज उतरायचा.

एका रात्री जेवताना ताई म्हणाली, "चिमण, एक विचारू? वरच्या दालनातले दगड केवढे आहेत?"

"चांगले चार माणसांना उचलणार नाहीत असे."

"मग ते वर कसे गेले? जिन्याने?"

मिस्त्रींचा हात ताटातच राहिला. चाळीस वर्षं दगडात काढलेल्या माणसाला जे सुचलं नाही ते सुई-दोऱ्यातल्या बाईने विचारलं होतं. जिना एका माणसाचा. दगड चार माणसांचे. म्हणजे दगड मागून आले. टेकाडावरून, ओढत, एखाद्या भरावाच्या चढावरून. आणि तो भराव कुणी कशाला काढून नेईल? तो तिथेच असणार, काटेरी झुडपांखाली.

हे कुणालाही सांगायचं नाही असं मिस्त्रींनी रात्रभर ठरवलं. सकाळी बाई समोर नकाशा पसरून कपाळाला हात लावून बसल्या होत्या. मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बाई, दगड काय पायऱ्या चढून वर गेले होय?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण काय करणार! कामाची गोष्ट सुचल्यावर गप्प बसणं कसबी माणसाला जमत नाही. चार दिवसांत झुडपं निघाली, आणि खाली दाबून बसवलेल्या दगड-मुरुमाचा लांबलचक चढ निघाला, टेकाडाच्या कुशीने वळत थेट दालनाच्या मागच्या भिंतीपाशी जाणारा. भिंतीत तिथे एक रुंद दार होतं, विटांनी बुजवून आतून चुन्याखाली दडवलेलं. बाई चिखलात उड्या मारत होत्या. "मिस्त्री, तुम्ही सोनं आहात!" मिस्त्री मनात म्हणाले, गवंड्याने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, आणि तोही नीट ओळंब्यात.

संध्याकाळी त्यांनी ताईला सांगितलं. ती शिवणाच्या मशीनच्या चाकावर हात ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी वर जाणार?"

"हो."

"चालत नाही. पण जाणार."

"जाणार गं."

तिने दिवा मालवला तरी ती जागी होती हे त्यांना पलीकडच्या खोलीत कळत होतं. मिस्त्रींची बायको जाऊन सात वर्षं झाली होती, मुलं लांबच्या शहरांत. घरात हे दोघंच, आणि दोघांमध्ये एक भिंत. तिच्या पलीकडे ताई निळ्या माशांकडे निघाली होती, आणि अलीकडे ते छताकडे बघत पडले होते. त्या छतावरही काही नव्हतं.

जुन्या भरावावर नवा चढ बांधायचं काम सुरू झालं. चढाचा हिशेब बाईंनी बांधून दिला: बारा हात पुढे गेलं की एक हात वर, त्याहून जास्त नाही. जागोजागी सपाट विसावे. दोन्ही बाजूंना कठडा. मनोऱ्याची भिंत आणि नवा चढ यांत चार बोटांची फट, म्हणजे उद्या काढायचा झाला तर मनोऱ्याला कळणारही नाही. वरच्या दालनाला नवा चुना लागला. खिडक्यांच्या विटा निघाल्या तशी नदी एकदम आत आली. दुपारच्या उन्हात पाण्यावरचा उजेड छतावर हलायचा आणि ओल्या चुन्यावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांना भोवळ आणायचा.

आणि मग जिन्याच्या भिंती मऊ ब्रशने धुताना बाईंना मासा सापडला.

त्यांची हाक ऐकून मिस्त्री धावले आणि दहाव्या पायरीवर थबकले. बाई अकराव्या पायरीवर गुडघे टेकून बसल्या होत्या, बॅटरी भिंतीला आडवी धरलेली. "बघा, बघा! घडवणाऱ्याची खूण! पूर्वीचे पाथरवट आपल्या दगडावर अशी निशाणी कोरायचे. अख्ख्या मनोऱ्यात एकच सापडली!"

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगायला तोंड उघडावं, तर ते बाईंकडून कचेरीत, कचेरीतून गावात आणि गावातून ताईच्या मशीनपाशी पोचायला एक दुपार पुरली असती. ते मूग गिळून बसले. आठवड्याने शहरातून एक तज्ज्ञ आले. त्यांनी भिंग लावलं, माप घेतलं आणि मासा किमान साडेतीनशे वर्षांचा असल्याचं सांगितलं. माशाची शेपूट उलटी लागली होती, कारण ती अंधारात काढली होती. "ही त्या काळातली शैली आहे," तज्ज्ञ म्हणाले. "हात अत्यंत सरावाचा." उभ्या आयुष्यात मिस्त्रींच्या कामाची एवढी तारीफ कुणी केली नव्हती, आणि नेमकी ती त्यांना घेता येत नव्हती.

बाईंनी त्याहून पुढचं ठरवलं. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी खाली दाराशी हाताच्या उंचीवर एक पाटी बसवायची होती: बोटांनी चाचपता येईल असा उठावाचा मनोरा, त्याचा कापून दाखवलेला जिना, आणि शेजारी हा मासा, पितळेत ओतलेला. खाली ठिपक्यांच्या लिपीत आणि साध्या अक्षरांत मजकूर.

"आणि पहिल्यांदा चढ तपासायला तुमच्या ताईंनाच आणा," बाई म्हणाल्या. "दगडांचं त्यांनीच विचारलं होतं असं तुम्हीच सांगितलंत ना?"

त्या दुपारी मिस्त्रींनी एक गोष्ट केली. शेवटच्या वळणावरचा पंधरा-वीस हातांचा तुकडा त्यांनी स्वतः बसवायला घेतला, आणि तो थोडासा उभा बसवला. फार नाही, हातामागे बोटभर. बघणाऱ्याला कळलं नसतं, पण खुर्ची तिथे अडली असती. बाईंनी म्हटलं असतं, पुन्हा करा. मग तपासणी पुढे गेली असती. मग काय झालं असतं ते मिस्त्रींना ठाऊक नव्हतं, पण पुढे ढकलता येईल तेवढं त्यांना ढकलायचं होतं. घरी येऊन ते न जेवताच झोपले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, कुणी कामावर यायच्या आत, ते जाऊन त्या तुकड्याशी बसले. बाराला एक अशा मापाची पाचर खाली लावून पाणसळ ठेवली. बुडबुडा एका अंगाला जाऊन चिकटला होता आणि काही केल्या मध्ये येत नव्हता. चोपन्न वर्षं जीभ खोटं बोलली होती, पण हात कधी बोलला नव्हता. मिस्त्रींनी दगड फोडायची सुतकी उचलली आणि बसवलेला एकेक दगड उखडून काढला. माणसं आली तेव्हा ते घामाने निथळत होते. "काय झालं मिस्त्री?" "काही नाही, चूक झाली होती," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच ऐकल्यामुळे माणसं गुपचूप कामाला लागली.

तपासणीचा दिवस साधाच होता. भाषण नाही, फीत नाही. ताईने स्वतः शिवलेला नवा निळा सदरा घातला होता आणि केस घट्ट बांधले होते. मिस्त्रींनी खुर्चीच्या मागे हात लावला तर तिने मागे न बघताच सांगितलं, "ढकलायचं नाही. नुसता बरोबर चाल."

दाराशी ती पाटी होती. बाईंनी तिला हौसेने दाखवली. ताईने आधी उठावाचा मनोरा चाचपला, मग जिना. कापलेल्या जिन्यावरून तिचं बोट एकेक पायरी वर चढत गेलं, आणि एका ठिकाणी थांबलं. मग बाजूला सरकून पितळेच्या माशावर गेलं. तोंडापासून शेपटीपर्यंत, आणि परत. सुईवर चालणारी बोटं ती, त्यांना उलटी शेपूट लगेच कळली. मग तिने खालचा मजकूर मोठ्याने वाचला.

"अकराव्या पायरीवरील खूण. घडवणारा अज्ञात."

"किती गोड आहे ना?" बाई म्हणाल्या.

"फार," ताई म्हणाली. तिने मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री आपल्या चपलांकडे बघत होते. "चल वर," ती म्हणाली.

बाई खालीच थांबल्या. दोघांनीच जावं असं त्यांना वाटलं असावं. चढ टेकाडाच्या कुशीने हळूहळू वळत होता. ताई दोन्ही हातांनी चाकं फिरवत होती, विसाव्यावर थांबत होती, श्वास घेत होती, पुन्हा निघत होती. गवताची टोकं तिच्या कोपराला लागत होती. खाली नदी रुंद होत चालली होती, आणि घरांची छपरं, जी तिने जन्मभर खालून पाहिली होती, ती एकेक करून तिच्या पायाशी येत होती. शेवटच्या वळणावर खुर्ची न अडता सुरळीत गेली. तिथे मिस्त्रींनी कठडा घट्ट धरला होता.

रुंद दारातून ती आत गेली आणि बरोबर मधोमध, पक्षी जिथे असायला हवा होता तिथे थांबली. पांढऱ्या भिंती. तीन खिडक्या. तिने मान वर केली आणि बराच वेळ छताकडे बघत राहिली. मिस्त्री दारातच उभे होते. एकसष्टाव्या वर्षी त्यांचे पाय पुन्हा थिजले होते.

"ताई," ते म्हणाले. "मी कधी आलोच नव्हतो गं वर. मला भीती वाटायची. मी अकराव्या पायरीवर बसून... सगळं खोटं सांगितलं तुला. मासे नव्हते. काहीच नव्हतं."

"अकराच वाजायच्या," ताई म्हणाली.

"काय?"

"बाबांच्या चपला. फटाक, फटाक. मी खाली बसून मोजायची. अकरा वाजायच्या आणि मग गप्प. रोज अकरा. मला काय मोजता येत नव्हतं?" ती अजून वरच बघत होती. "आणि मग खरखर ऐकू यायची. कसली ते मात्र आज कळलं. चिमण, शेपूट उलटी लावलीस रे."

मिस्त्री मटकन खिडकीच्या कट्ट्यावर बसले. चोपन्न वर्षांचं ओझं अंगावरून उतरावं तर उतरेना. ते नेमकं कुठे ठेवायचं तेच समजेना. मग त्यांना राग आला, स्वतःचा आणि तिचाही. "ठाऊक होतं, तर बोलली का नाहीस? मी इकडे जन्मभर..."

"बोलले असते तर तू ईर्षेने वर गेला असतास."

"मग? गेलो असतो तर काय बिघडलं असतं?"

ताईने खुर्ची वळवली. तिचे डोळे भरले होते, आणि ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. "मी दहा वर्षांची होते. त्या सुनसान जागी, खोक्यात बसलेले. कुणी आलं असतं तर पळता येत नव्हतं. तू खरंच वर गेला असतास, तर मी तिथे एकटी पडले असते. तू अकराव्या पायरीवर आहेस, वळणाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर मला कधी भीती वाटली नाही."

आपण जी लाज आयुष्यभर उशाशी घेऊन झोपलो, तिच्या आधारावर दुसरं माणूस निर्धास्त बसलं होतं, हे मिस्त्रींच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग ते रडले, मिशा ओल्या होईपर्यंत, आणि ताईने त्यांना रडू दिलं.

"बाईंना सांगावं लागेल," शेवटी डोळे पुसत ते म्हणाले. "पाटी चुकीची आहे. नियमात बसत नाही."

"सांग की. म्हणावं, घडवणाऱ्याचा पत्ता लागलाय. मासेवालीच्या घरी राहतो." ती हसली. मग तिने जिन्याच्या काळ्या तोंडाकडे बोट केलं. "आता एक कर. उतर खाली आणि जाऊन बस."

"कुठे?"

"कुठे म्हणून काय विचारतोस?"

मिस्त्री उठले. भिंतीला हात धरून ते जिना उतरू लागले. फटाक, फटाक. ताई वर मनातल्या मनात मोजत असणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पाय जरा जोराने वाजवले. एकवीस पायऱ्या उतरून ते थांबले. अंधार होता. भिंत चाचपली तशी बोटांना मासा लागला, उलट्या शेपटीचा. ते त्याच्या शेजारी बसले, गुडघे पोटाशी घेऊन, त्या वयाला बसता येतं तसे.

मग त्यांनी वर तोंड करून विचारलं, "ताई, काय आहे गं वर?"

लगेच उत्तर आलं नाही. वर ती वेळ घेत होती; नीट बघत होती, किंवा गोष्ट जुळवत होती. मिस्त्रींना घाई नव्हती.

"मासे आहेत," ताईचा आवाज आला. "निळेच आहेत. पण आत्ता झोपलेत, हळू बोल."